चित्र टीव्हीवर, आवाज टेबलावर

वाचनालयाच्या सभागृहात पंचावन्न इंची टीव्ही होता, समोर चाळीसेक माणसं होती आणि पहिल्या रांगेत एक काकू बसल्या होत्या. त्यांचे यजमान गावातल्या शाळेत तीस वर्षं शिक्षक होते. ते गेले त्याच्या दोन वर्षं आधी एका माजी विद्यार्थ्याने त्यांची तासाभराची मुलाखत चित्रित करून ठेवली होती. ती त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर लावायची होती. लॅपटॉप वाचनालयाचा, त्यावर लिनक्स मी घातलेलं. एचडीएमआयची वायर टीव्हीला लावली आणि दोन सेकंदांत चित्र आलं. मास्तरांचा चेहरा दिसला, ओठ हलले. आवाज मात्र टेबलावरच्या लॅपटॉपमधूनच निघाला, पहिल्या रांगेलाही शब्द कळू नयेत इतका बारीक.

मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘काका, आवाज वाढवा!’’ मी वाढवला. तो टेबलावरच वाढला. काकू खुर्चीच्या कडेला सरकून, मान पुढे काढून ऐकू लागल्या. मी मुलाखत थांबवली आणि सेटिंग्जमध्ये ध्वनीचं पान उघडलं. आउटपुटच्या यादीत एचडीएमआयच्या तीन नोंदी होत्या, एकसारख्या नावाच्या, फक्त शेवटचा आकडा वेगळा. त्यातली बरोबर कुठली हे एकेक लावून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही. ती सापडली तरी प्लेअर आपला जुन्याच स्पीकरला चिकटून, म्हणून तो बंद करून पुन्हा उघडला. या सगळ्यात आठ मिनिटं गेली. मागच्या दोन रांगा चहाला उठल्या. सचिव माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, ‘‘साहेब, पुढच्या वेळी आपण विंडोजवालाच लॅपटॉप आणू.’’

पुढच्या आठवड्यात त्यांनी वाचनालयाच्या तिन्ही लॅपटॉपवर तालुक्याच्या एका दुकानातून विंडोज घालून घेतलं. परवाना वगैरे काही नाही, चोरीची प्रत. मला वाईट वाटलं, पण मी त्यांना दोष देत नाही. दोष कुणाचा, तेवढंच सांगायला बसलो आहे.

यंत्राला काही कळत नव्हतं, ही सबब पहिल्याच फटक्यात बाजूला करतो. यंत्राला सगळं ठाऊक होतं. एचडीएमआय आली 2002 साली, आणि तिचा मूळ हेतूच चित्र आणि आवाज एका वायरीतून नेणं हा होता. वायर लागली की टीव्ही गप्प बसत नाही, आपली कुंडली सांगतो. तिला ईडीआयडी म्हणतात: मी कुणी बनवलेला, माझं मॉडेल कुठलं, मला कुठली रेझोल्यूशन झेपतात, आवाज कुठल्या प्रकारचा चालतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर ती वाचतो, त्यातला आवाजाचा भाग वेगळा काढून ईएलडी नावाने ध्वनीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. लिनक्समध्ये ही ईएलडी साध्या मजकुराच्या फाइलीत उघडी ठेवलेली असते, कुणीही वाचावी.

कार्यक्रम संपला, पोरं खुर्च्या उचलत होती, तेव्हा मी ती फाइल उघडली. वायर अजून टीव्हीलाच होती. पहिली ओळ: मॉनिटर हजर, 1. दुसरी ओळ: माहिती वैध, 1. खाली टीव्हीचं नाव, जोडणीचा प्रकार एचडीएमआय, बनवणाऱ्याचा कोड, मॉडेलचा कोड. स्पीकर: पुढचा डावा, पुढचा उजवा. आवाजाचा प्रकार एलपीसीएम, चॅनेल 2, वेग 32000, 44100 आणि 48000, बिट 16, 20 आणि 24. ‘मला दोन स्पीकर आहेत, मी आवाज घ्यायला तयार आहे, मला या वेगाने पाठवा,’ असं तो टीव्ही पहिल्या क्षणापासून सांगत होता. आणि मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा राहून तीन नोंदींतली खरी कुठली ते चाचपत होतो.

ही बातमी कर्नलपाशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापाशी, अडकून पडते असंही नाही. अल्सा हा कर्नलमधला ध्वनीचा थर एचडीएमआयच्या जोडणीला हेडफोनच्या भोकासारखाच ‘जॅक’ मानतो आणि तो भरला की वर कळवतो. वर ध्वनीचा सर्व्हर पल्सऑडिओ असो की पाइपवायर, त्याला त्याच क्षणी निरोप मिळतो. म्हणूनच तर ती नोंद सेटिंग्जच्या यादीत उगवते. म्हणजे निरोप टीव्हीपासून निघाला, वायरीतून आला, दोन ड्रायव्हर ओलांडून, ध्वनीचा सर्व्हर ओलांडून पार डेस्कटॉपपर्यंत पोचला. शेवटच्या पायरीवर तो हातात घेऊन काही करायला कुणी उभंच नव्हतं. हेडफोनची पिन खुपसा, आवाज त्याच क्षणी कानात जातो. तिथे कुणाला स्क्रिप्ट लिहावी लागत नाही. आवाज वळवण्याची यंत्रणा तीच, जॅकची बातमीही तशीच. फरक इतकाच की हेडफोनच्या बाबतीत कुणीतरी निर्णय घेतला आणि एचडीएमआयच्या बाबतीत निर्णय न घेण्याचा निर्णय घेतला.

हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, नोंदीत आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये पल्सऑडिओची 14.0 ही आवृत्ती आली आणि तिच्यात एचडीएमआयकडे आपोआप वळणं मूळ मांडणीतूनच बंद केलं गेलं. नवं उपकरण जोडताच आवाज तिकडे नेणारं ‘स्विच-ऑन-कनेक्ट’ नावाचं एक मॉड्यूल आहे, त्यातही एचडीएमआयला आधीपासून वगळलेलं. पाइपवायरने पल्सऑडिओची जागा घेतली तेव्हा हा अपवादही जसाच्या तसा सोबत घेतला. केडीई या डेस्कटॉपच्या ध्वनी-सेटिंग्जमध्ये नवं आउटपुट मिळताच चालू आवाज तिकडे वळवण्याची एक चौकट आहे, पण तिच्यावर खूण तुम्ही स्वतः जाऊन करायची, आणि ती तिथे आहे हे तुम्हाला कळायचं कसं?

एचडीएमआय वगळण्यामागचं कारण खोटं नाही, हेही सांगतो. बाजारातल्या पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतात. मागे फार तर हेडफोनचं एक भोक असतं, आणि तरीही ते कुंडलीत आवाज घेतो म्हणून सांगतात. ऑफिसात माणूस असा मॉनिटर जोडायचा आणि लॅपटॉप एकदम मुका व्हायचा. लोकांनी तक्रारी केल्या, आणि त्या रास्त होत्या. अंध माणसाच्या दृष्टीने तर हे फारच गंभीर. ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ज्याचे डोळे आहे, त्याचा आवाज बिनस्पीकरच्या मॉनिटरमध्ये गेला की त्याचा संगणकच विझला. सेटिंग्जमध्ये जाऊन तो परत आणायचा तर सेटिंग्ज वाचून कोण दाखवणार? म्हणून ‘वायर लागली की डोळे मिटून आवाज तिकडे ढकला’ अशी मागणी मी करत नाही आणि करणारही नाही.

पण या तक्रारींवर उपाय काय निघाला? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. काही मॉनिटर खोटं बोलतात म्हणून खरं बोलणाऱ्या प्रत्येक टीव्हीचं, प्रत्येक प्रोजेक्टरचं ऐकणं बंद. एका नियमाने निम्मी माणसं अडत होती, तो उलटा केला, आता उरलेली निम्मी अडतात. याला उपाय म्हणत नाहीत.

उपाय शेजारच्याच खोलीत तयार आहे, आणि मला खरी चीड याचीच येते. चित्राची बाजू बघा. नोम या डेस्कटॉपवर तुम्ही एखादा मॉनिटर जोडून त्याची मांडणी केलीत, डावीकडे की उजवीकडे, रेझोल्यूशन किती, अक्षरं केवढी, की ते सगळं तुमच्या घरच्या फोल्डरात एका लहानशा फाइलीत लिहून ठेवलं जातं. त्यात काय लिहिलेलं असतं? भोकाचं नाव, बनवणारा, मॉडेल आणि अनुक्रमांक. महिन्याने तोच मॉनिटर पुन्हा जोडा, मांडणी होती तशी परत येते. चित्राच्या लेखी ऑफिसचा मॉनिटर वेगळा, घरचा वेगळा, वाचनालयातला टीव्ही वेगळा. आवाजाच्या लेखी हे सगळे ‘एचडीएमआय 1’ नाहीतर ‘एचडीएमआय 2’. आवाजाने लक्षात काही ठेवलंच तर भोकाचा नंबर ठेवतो, पलीकडे कोण बसलंय त्याचं त्याला सोयरसुतक नाही. वायर दुसऱ्या भोकात गेली किंवा मधे यूएसबी-सीचा डॉक आला की नंबर बदलतो आणि आठवण पुसली जाते. बरं, बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा कोड ध्वनीच्या हातातही असतो. मघाच्या फाइलीत मी तो डोळ्यांनी वाचला. तरी कुणी तो वापरत नाही.

तेव्हा करायचं काय, ते अवघड नाही. आवाज घेतो म्हणणारा नवा पडदा पहिल्यांदा जोडला गेला की एक प्रश्न विचारा: आवाज या टीव्हीवर पाठवू का? हो की नाही. उत्तर त्या टीव्हीच्या नावावर लिहून ठेवा आणि पुन्हा विचारू नका. उत्तर येईपर्यंत आवाज आहे तिथेच राहू द्या, आणि तो प्रश्न ऑर्काकडून जुन्याच स्पीकरवर वाचला जाऊ द्या, म्हणजे अंध माणूसही अडणार नाही. विचारण्याची पद्धतसुद्धा नवी नाही. काही लॅपटॉपना 3.5 मिलिमीटरच्या भोकात काय खुपसलंय ते ओळखता येत नाही, तेव्हा हाच नोम चौकट उघडून विचारतो, हेडफोन आहे, हेडसेट आहे की मायक्रोफोन? वीस रुपयांच्या पिनेसाठी जी विचारपूस होते ती पंचावन्न इंची टीव्हीसाठी का होत नाही?

हे नाही, तर मग माणसाने करायचं काय? त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: स्क्रिप्ट लिहा. मी लिहिली. म्हणून तिच्यात काय काय असतं ते सांगण्याचा मला हक्क आहे. पडदा जोडला गेला की कर्नल एक घटना सोडतो, ती पकडायला यूडेव्ह या उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा नियम लिहायचा. नियमाने तुमची स्क्रिप्ट चालवायची. स्क्रिप्टने जोडणीची फाइल वाचून तिथे ‘कनेक्टेड’ हा शब्द आहे का ते बघायचं आणि असला तर पीएसीटीएल या आज्ञेने ध्वनीचं आउटपुट बदलायचं. ऐकायला सोपं आहे. पण यूडेव्ह स्क्रिप्ट चालवतो रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या, नावाने आणि ध्वनीचा सर्व्हर चालतो तुमच्या लॉगिनमध्ये, त्यामुळे रूटला तो सापडतच नाही. मग तुमचा वापरकर्ता क्रमांक आणि तुमच्या सत्राचं फोल्डर स्क्रिप्टमध्ये हाताने कोंबायचं. दुसरं कुणी लॉगिन केलं की ते चुकलंच. तेवढं करूनही पहिल्या वेळी आवाज जात नाही, कारण चित्राची घटना आधी येते आणि ईएलडी ध्वनीकडे पोचायला अंमळ उशीर होतो. त्यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालायची, दोन सेकंद थांब. माझ्या लॅपटॉपवर दोन पुरले. वाचनालयातल्या जुन्या यंत्रावर तीनही पुरले नाहीत. पाइपवायरची डब्ल्यूपीसीटीएल ही आज्ञा वापरावी तर तिला आउटपुटचा क्रमांक लागतो आणि तो आज 47 असेल तर उद्या दुसराच असतो, म्हणून आधी नावावरून क्रमांक शोधणारी आणखी एक ओळ.

शिवाय काही लॅपटॉपवर आतले स्पीकर आणि एचडीएमआय एकाच साउंड कार्डाच्या दोन ‘प्रोफाइल’ असतात. नुसती एचडीएमआयची प्रोफाइल निवडली की मायक्रोफोन बंद. मीटिंग टीव्हीवर घेतलेला माणूस बोलत राहतो आणि पलीकडे कुणाला काही ऐकू येत नाही. एचडीएमआय आउटपुट आणि आतला मायक्रोफोन अशी जोडप्रोफाइल यादीत असते, ती शोधून निवडायची. हे वाचनालयाच्या सचिवांना कुणी सांगायचं?

आणि लिहिलेली स्क्रिप्ट टिकते का? अल्साचं काम 1998 साली सुरू झालं. त्यावर पल्सऑडिओ आला, 2007 मध्ये फेडोरा 8 या लिनक्स वितरणाने तो मूळ म्हणून घेतला. मग पाइपवायर, 2021 मध्ये फेडोरा 34 पासून, 2022 च्या ऑक्टोबरात उबुंटूतही. विम टायमन्स यांनी पाइपवायरमध्ये जे करून दाखवलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारा आणि घरी गाणी ऐकणारा, दोघांचा आवाज एकाच यंत्रणेतून सुरळीत जाऊ लागला, ब्लूटूथची पूर्वीची कटकट खूप कमी झाली. पण कुठलं उपकरण केव्हा निवडायचं हे ठरवण्याचं काम वायरप्लंबर या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेलं, आणि 2024 मध्ये त्याच्या 0.5 आवृत्तीने सेटिंग लिहिण्याची भाषाच बदलली. तोवर लोकांनी लुआ भाषेत जे नियम लिहून ठेवले होते ते नव्या आवृत्तीने वाचायचंच सोडलं. आपली अडचण आपण सोडवून मोकळा झालेला माणूस एका अपडेटनंतर पुन्हा होता तिथेच. लोकांना स्क्रिप्ट लिहायला सांगायचं आणि त्यांच्या स्क्रिप्ट उभ्या असतात ती जमीन दर काही वर्षांनी खणून काढायची, ही वागणूक बरी नाही.

याच्या समर्थनार्थ जो शब्द वापरला जातो त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. स्वातंत्र्य. लिनक्समध्ये तुम्हाला हवं ते करायचं स्वातंत्र्य आहे, म्हणून आम्ही काही लादत नाही. मी वीस वर्षं लिनक्स वापरतो, त्या स्वातंत्र्याची किंमत मला कुणी शिकवायला नको. पण मूळ मांडणी ही त्या माणसासाठी असते जो सेटिंग्ज कधीच उघडणार नाही. त्याच्यासाठी निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो, आणि काही न करणं हाही त्याच्यावर लादलेला निर्णयच असतो. ज्याला यूडेव्ह कळतं त्याला स्वातंत्र्य आणि ज्याला कळत नाही त्याला टेबलावरचा बारका आवाज, अशी वाटणी करून वर तिला तत्त्वाचं नाव द्यायचं, हा हात झटकण्याचा प्रकार आहे.

दुसरं उत्तर येतं की हे फुकट मिळतं, तक्रार कसली करता? माझ्यापुरतं मी ते ऐकूनही घेईन. पण या कामातला मोठा वाटा आज पगारी अभियंत्यांचा आहे, आणि लिनक्स हे काही हौशी पोरांच्या खोलीपुरतं उरलेलं नाही. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांतली मुलं वर्षानुवर्षं त्यावर शिकताहेत. तिथे 2018 साली 45,000 वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर न्यायची योजना सुरू झाली. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गावाने लोकवर्गणी काढून टीव्ही घेतले आहेत. अशा वर्गात चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा असतो, कारण मागच्या बाकावरच्या मुलाला चित्र दिसतंच, शब्द पोचत नाहीत. शिक्षकाकडे पस्तीस मिनिटांचा तास असतो. त्यातली आठ आउटपुटच्या यादीत गेली तर पुढच्या वेळी तो लॅपटॉप कपाटातून काढणारच नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही काढला नसता.

फुकट आहे म्हणून तक्रार करू नका, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या तीन लॅपटॉपचा हिशेब करावा. ते जुने होते, त्यांचा वेग गेला होता, कुणी भंगारात घातले असते. मी तीन रविवार बसून त्यांवर लिनक्स घातलं, मराठी कळफलक लावला, वाचनालयाची पुस्तकांची यादी त्यांवर चढवली. सचिवांना ते आवडलं होतं. व्हायरस नाही, परवान्याचा खर्च नाही, हे ते स्वतः लोकांना सांगायचे. एवढ्या सगळ्या कामावर पाणी पडायला आठ मिनिटं पुरली. ज्या बिघाडामुळे ती गेली तो बिघाड म्हणून कुठे नोंदलेलाही नसेल, कारण यंत्राने ठरल्याप्रमाणेच काम केलं होतं.

कार्यक्रमानंतर काकू निघताना माझ्याशी बोलायला थांबल्या. सुरुवातीचं काही कळलं नाही, म्हणाल्या, ते आपल्या आईबद्दल काहीतरी सांगत होते ना? मी मुलाखत थांबवण्याआधीची ती दोन मिनिटं होती. आवाज आल्यावर मी ती मागे नेऊन लावायला हवी होती, पण लोक उठत होते, सचिव घड्याळ बघत होते, आणि मी पुढूनच सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या नातवाने पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे लावला आणि रिमोटवरचं एक बटण दाबलं. मास्तरांचा आवाज सगळ्या घरात ऐकू आला. काकूंनी ती दोन मिनिटं तीनदा लावायला सांगितली.